पंप लपवू नकोस गं

अगं, परवा फोनवर तू जे सांगितलंस ते डोक्यातून जाईना, म्हणून हे सविस्तर लिहायला बसले. सासरी कळू नये म्हणून निळा पंप साड्यांच्या घडीखाली ठेवायचा, धाप लागली की बाथरूममध्ये शिरायचं, नळ सोडायचा आणि त्या पाण्याच्या आवाजात घाईघाईने दोन पफ ओढायचे. बाहेर आल्यावर सासूबाईंनी विचारलं तर म्हणायचं, "काही नाही, थोडं पित्त झालंय." लग्न झाल्यापासून तू हे असंच रेटतेयस. ऐकून मला तुझा राग आला नाही, पण काळजी मात्र फार वाटली.

तुझ्यासारख्या मुली आपल्या नाशिक जिल्ह्यात घरोघरी आहेत. स्थळ सांगून आलं की मध्यस्थ हळूच विचारतो, "मुलीला काही त्रास-बिस नाही ना?" आणि आई खाली बघत म्हणते, "छे छे." मलाही लहानपणापासून दमा. मी पाहण्याच्या कार्यक्रमातच सांगितलं होतं. एक स्थळ त्यापायी परत गेलं, आणि ज्या घरात मी आज नांदते आहे त्यांनी विचारलं, "मग औषध काय घेतेस?" एवढंच. मोडलेल्या स्थळाची हळहळ मला कधी वाटली नाही. ज्या घरात औषध लपवून घ्यावं लागलं असतं तिथे माझं आयुष्य कसं गेलं असतं, तूच विचार कर.

लपवण्यातला खरा धोका लोक काय म्हणतील हा नव्हेच. दमा रात्री उसळतो, पहाटे दोन ते चारच्या दरम्यान जास्त. अशा वेळी तुला वाक्य पुरं बोलता येणार नाही, नुसती खूण करशील. जावईबापू पाणी आणतील, पाठ चोळतील, विक्स लावतील, आणि ज्या गोष्टीने पाच मिनिटांत श्वास मोकळा झाला असता ती साड्यांच्या घडीखाली पडून राहील. म्हणून आधी त्यांना सांग. पंप हातात घेऊन सांग, म्हणजे बोलण्याला आधार येतो. "मला दमा आहे, लहानपणापासून आहे, औषधाने आटोक्यात राहतो, हा पंप इथे फ्रिजवर ठेवतेय, मला बोलता आलं नाही तर हा आणून द्यायचा." मग दोघांनी मिळून आईंना, तुझ्या सासूबाईंना, सांगा. त्या पहिला प्रश्न विचारतील तो मुलाबाळांचा. सरळ सांग की दमा संसर्गाने पसरत नाही. घरात ॲलर्जीची प्रवृत्ती असली तर मुलांत उतरू शकते, पण सगळ्यांत उतरतेच असं नाही. प्रियांका चोप्राने २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितलं की तिला दमा आहे आणि ती इनहेलर वापरते. आईंना सिनेमा आवडतो ना, हे त्यांच्या पटकन लक्षात राहील.

आता पंपाबद्दल बोलू, कारण तुझ्या बोलण्यात दोन गोष्टी आल्या आणि त्यांचा आपसात मेळ बसत नाही. एकीकडे तुला वाटतं पंप जहाल, सवय लावणारा, म्हणून शक्यतो टाळायचा. दुसरीकडे महिन्याला एक पंप संपतोय. मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी मागत नाही, नवा काढून देतो.

पहिली भीती आधी काढून टाक. निळ्या पंपातलं औषध साल्ब्युटामॉल. श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात, ते हे औषध सैल करतं. पाच मिनिटांत फरक जाणवतो, असर चार ते सहा तास टिकतो. एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. याच औषधाची गोळी मिळते ती ४ मिलिग्रॅमची, म्हणजे एका पफच्या चाळीसपट. गोळी पोटातून रक्तात जाते, सगळ्या अंगभर फिरते, मग थोडंसं छातीत पोहोचतं. तरी आपल्याकडे गोळी साधी आणि पंप शेवटचा इलाज, असा उलटा समज घट्ट बसलाय. पफ घेतल्यावर हात थरथरतात, छाती धडधडते, हे खरं आहे. थोड्या वेळात ते ओसरतं. त्याने हृदय कमजोर होत नाही. आणि पंपाचं व्यसन लागत नाही. पंप वारंवार लागतो तो दमा मोकाट सुटलाय म्हणून.

हे औषध निघालं १९६० च्या दशकात, ब्रिटनमध्ये, ॲलन अँड हॅनबरीज या ग्लॅक्सोच्या कंपनीत. अंबडच्या एमआयडीसीत आपण ज्या ग्लॅक्सोचा कारखाना पाहतो, तीच. आणि पंपाची कल्पना सुचली ती त्याही आधी, अमेरिकेत, एका तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीमुळे. तिला काचेच्या नळीचं, रबरी फुगा दाबत बसायचं अवजड उपकरण वापरावं लागे. केसांवर मारायचा फवारा डब्यातून येतो तसं माझं औषध का येत नाही, असं तिने वडिलांना विचारलं. वडील जॉर्ज मेसन औषध कंपनीतच होते. १९५६ मध्ये पहिला दाबायचा पंप बाजारात आला. एका मुलीने आपला त्रास उघड बोलून दाखवला म्हणून आज जगभरचे दमेकरी खिशात औषध घेऊन फिरतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता दुसरी गोष्ट, आणि मला मुख्यतः हीच सांगायची आहे. निळ्या पंपात साधारण २०० पफ असतात. दमा आटोक्यात असलेल्या माणसाला तो आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत नाही. दोनदा दोन-दोन पफ धरले तर एक पंप जवळजवळ वर्षभर पुरायला हवा. तुझा महिन्यात संपतो. वर्षाला तीन किंवा जास्त पंप लागत असतील तर दम्याचा मोठा झटका येण्याचा धोका वाढतो, आणि बारा किंवा जास्त लागत असतील तर मृत्यूचा धोका वाढतो, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसलंय. ब्रिटनमध्ये दम्याने दगावलेल्यांच्या नोंदी एकेक करून तपासल्या, त्याचा अहवाल २०१४ साली आला. ज्या १६५ जणांच्या निळ्या पंपाच्या चिठ्ठ्यांचा हिशेब मिळाला, त्यातल्या ३९ टक्के लोकांना शेवटच्या वर्षात बारापेक्षा जास्त पंप लिहून दिलेले होते. तुला घाबरवायला सांगत नाही. पण तुझा आकडा याच रांगेत बसतोय आणि तो तुझ्या डॉक्टरांना माहीत नाही, कारण तू त्यांच्याकडे जातच नाहीस.

कारण काय, तर निळा पंप स्नायू सैल करतो, नळीच्या आतली सूज मात्र तशीच राहते. दूध उतू जायला लागलं की आपण फुंकर मारतो, ते तेवढ्यापुरतं खाली बसतं, पण गॅस बारीक करावाच लागतो. गॅस बारीक करणारं औषध म्हणजे श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड, ब्युडेसोनाइडसारखं. हे रोज घ्यायचं असतं, बरं वाटत असतानाही. आणि नेमकं तेच लोक सोडतात. आपल्या देशात जगातले साधारण १३ टक्के दमेकरी आहेत आणि दम्याने होणारे सुमारे ४२ टक्के मृत्यू आपल्याकडे होतात. आजार आपल्याकडे वेगळा नाही गं, रोजचं औषध माणसापर्यंत पोहोचत नाही, पोहोचलं तर टिकत नाही.

स्टेरॉइड म्हटलं की तू दचकणार. आत्याचं तोंड सुजलेलं तू पाहिलंयस. पण आत्या गोळ्या घेत होती. मोठ्या झटक्यात प्रेडनिसोलोनची गोळी दिवसाला ४० ते ५० मिलिग्रॅमपर्यंत देतात. पंपातून दिवसाला ब्युडेसोनाइड जातं ते २०० ते ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी. दोन औषधं वेगळी आहेत, वजनाची थेट तुलना होत नाही, तरी अंदाज येईल. घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, म्हणजे तोंडात बुरशी होत नाही, आवाज बसत नाही. पंपाला भिऊन रोजचं औषध टाळणाऱ्यांवरच वर्षातून दोन-तीनदा गोळ्यांचा कोर्स करायची पाळी येते, हे मी आजूबाजूला किती वेळा पाहिलंय.

आणखी एक. दम्याच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं काढणाऱ्या 'जिना' या जागतिक संस्थेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं की मोठ्या माणसांनी आणि किशोरवयीन मुलांनी नुसत्या निळ्या पंपावर राहू नये. आता असे पंप आहेत ज्यात ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असतात. फॉर्मोटेरॉल निळ्या पंपासारखंच झटपट काम करतं, त्यामुळे रोजचं औषध आणि अडीनडीचं औषध एकाच पंपात होऊ शकतं. तुझ्यासाठी हे जमेल का, ते छातीच्या डॉक्टरांना विचार. मात्र स्वतःच्या मनाने बदलू नकोस. दिसायला सारख्या दुसऱ्या पंपांत सालमेटेरॉल असतं, ते सावकाश काम करतं, झटक्यात कामाचं नाही. रंगावरून तर ओळखूच नकोस, कंपनीगणिक रंग बदलतात. डबीवरचं नाव वाच.

आता तुझ्या घराचं बघू. पिंपळगाव म्हणजे द्राक्षाचा पट्टा, आणि तुमचं घर मळ्यातच. तू म्हणालीस, माहेरी एवढा त्रास नव्हता. नसणारच. सातपूरच्या फ्लॅटमध्ये कारखान्यांचा धूर होता, पण बाग नव्हती. भुरी रोगासाठी गंधकाची धुरळणी करतात, ती पिवळी भुकटी वाऱ्याबरोबर ओट्यावर येते आणि छातीला सरळ झोंबते. शेडमध्ये निर्यातीच्या पेट्या भरताना द्राक्षांवर जो कागद ठेवतात, त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. द्राक्ष टिकावं म्हणून तो लागतो, पण दमेकऱ्याची नळी त्याने लगेच आवळते. बेदाण्याला रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात तिथेही तेच. पॅकिंगच्या शेडमध्ये जाऊन आल्यावर रात्री खोकला लागतो, असं तू सहज म्हणून गेलीस. मला त्यातच उत्तर दिसलं. हंगामात तुला शेडमधलं काम नको. हिशेब कर, मजुरांच्या हजेऱ्या लिही, माल मोजून घे, पण मोकळ्यावर बसून. धुरळणीच्या दिवशी खिडक्या लावून घरात राहा आणि वाळत घातलेले कपडे आधी आत घे. एवढं मागायला सासरी कळलेलं असावं लागतं, म्हणून पुन्हा तेच सांगते, बोल.

तुमच्याकडे मजुरीला येणाऱ्या बायकांकडेही जरा लक्ष ठेव. त्यांच्यात कुणी दिवसभर खोकत असेल, तोंडाला पदर बांधून गंधक धुरळत असेल, तर तिला बाजूला घेऊन विचार. पदराने गंधक अडत नाही. तिच्याकडे पंप आहे का, आणि असलाच तर तो वापरायचा कसा हे कुणी कधी तिला दाखवलंय का, हेही विचार.

तुमच्या निफाड तालुक्याची थंडीही वेगळी. तिथे पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरलेला आहे. अशा पहाटे डोक्यावर आणि नाकातोंडावर स्कार्फ गुंडाळल्याशिवाय बाहेर पडू नकोस. गार पडलेल्या डबीतून औषधही नीट सुटत नाही, तेव्हा पंप आधी मुठीत धरून जरा ऊब दे. उन्हाळ्यात तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचा नाही. घरात डासांची कॉइल लावत असाल तर आजपासून बंद. एका कॉइलमधून साधारण शंभर सिगारेटींएवढे बारीक धूलिकण निघतात, असं मोजून झालंय. मच्छरदाणी लाव. देवघरातल्या धूप-उदबत्तीबद्दल आईंशी गोडीने बोल, निरांजन पुरतं म्हणावं.

पंप घ्यायची पद्धत तू मला करून दाखवलीस तेव्हा मला तोंडाबाहेर पांढरा ढग दिसला होता. तो ढग म्हणजे वाया गेलेलं औषध. तू दाबतेस आधी आणि ओढतेस नंतर, तेही झटक्यात. बघ, टोपण काढ, डबी चांगली हलव. आधी श्वास पूर्ण बाहेर सोड. ओठ घट्ट लाव, सावकाश श्वास आत घ्यायला सुरुवात कर आणि सुरुवातीलाच एकदा दाब, मग तसाच चार-पाच सेकंद ओढत राहा. तोंड मिटून मनातल्या मनात दहा मोज. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने, पुन्हा हलवून. दोन्ही पफ एका श्वासात दाबणं म्हणजे एकाचेच पैसे कामी लागणं. हे साधत नसेल तर स्पेसर घे, ती प्लास्टिकची फुगीर नळी. त्यात औषध आधी साठतं, मग तू शांतपणे ओढायचं. मोठ्या माणसांनाही तिची लाज नको, झटक्यात हात थरथरत असताना तीच कामी येते. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि फडक्याने न पुसता तसाच वाळवायचा. पुसला की आत वीज साठते आणि औषध भिंतींना चिकटून बसतं. आमच्या गल्लीतल्या एक आजी तर रोटाकॅपच्या गोळ्या पाण्याबरोबर गिळत होत्या, कितीतरी दिवस. मशीनमध्ये घालून ओढायच्या असतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि पंपातलं औषध संपल्यावरही वायू उरतो, दाबलं की फुस्स होतं, आपल्याला वाटतं चालू आहे. मागे आकडा दिसत असेल तर तो बघत जा. नसेल तर उघडला त्या दिवसाची तारीख डबीवर मार्करने लिही. डबी पाण्यात टाकून तरंगते का बघायची जुनी युक्ती भरवशाची नाही.

झटका आला तर काय, हे जावईबापूंना पाठ करून ठेवायला सांग. ताठ बसायचं, आडवं व्हायचं नाही. स्पेसरमधून एकेक करून चार पफ, प्रत्येक पफला चार श्वास. चार मिनिटं थांबायचं. फरक नसेल तर पुन्हा चार. तरीही नसेल, किंवा आधीपासूनच एक वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, तर १०८ ला फोन आणि गाडी येईपर्यंत पफ चालू. घरची गाडी आधी मिळत असेल तर तीच काढायची. पंपाचा असर तीन-चार तासांच्या आत उतरतोय, ही सुद्धा त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायची खूण आहे. सकाळ होऊ दे, मग बघू, असं म्हणत बसायचं नाही.

दिवस राहिले की बायका पंप बंद करतात, हे तुला आताच सांगून ठेवते. करायचा नाही. साल्ब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइड गरोदरपणात वर्षानुवर्षं वापरात आहेत आणि डॉक्टर ती चालूच ठेवतात. बाळाला ऑक्सिजन आईच्या श्वासातूनच मिळतो, आईला धाप लागत राहिली तर त्याचंही कमी पडतं. हरतालिकेच्या निर्जळी उपासालाही पफ चुकवू नकोस. ते खाणंही नाही आणि पिणंही नाही. डोकेदुखीवर कुठलीही गोळी घेण्याआधी दमा आहे हे सांग. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनने झटका येतो, आणि अर्धशिशीवर देतात त्यातलं प्रोप्रॅनोलॉल दम्यात चालत नाही.

कुणी कोजागरीच्या खिरीतलं औषध सुचवेल, कुणी हैदराबादच्या माशाचं. ती सांगणारी माणसं मायेची असतात, त्यांच्याशी वाद घालू नकोस. पण त्यापायी रोजचा पंप एक दिवसही सोडायचा नाही. मी याबाबत कुणाचंच ऐकलेलं नाही, आणि जिने ऐकलं तिला मध्यरात्री सिव्हिलला न्यावं लागलेलं मी पाहिलंय.

या रविवारी जावईबापूंशी बोल. सोमवारी दोघं मिळून नाशिकला या, माझ्याकडे उतरा, छातीच्या डॉक्टरांना दाखवू. मी सोबत येते. येताना रिकाम्या झालेल्या सगळ्या डब्या पिशवीत घालून आण, टाकून देऊ नकोस. किती महिन्यांत किती संपल्या हे तोंडी सांगताना तू कमी करून सांगशील, मला माहीत आहे. त्या टेबलावर ठेवल्या की डॉक्टरांना लगेच कळेल.